सातच्या आकड्याची उकल

संगणकाचा प्रोग्राम मध्येच अडला म्हणजे त्याच्या अंतरंगात काय बिघडले याचा तपास ज्या साधनाने करावयाचा, त्या डीबगरवर प्रोग्रामर मंडळींचा विश्वास इतका गाढ असतो की, त्याने दिलेला दाखलाच खोटा असू शकेल ही शंका त्यांच्या मनाला सहसा शिवत नाही. आणि म्हणूनच डीबगरचा स्वतःचा कोड सुवाच्य असणे ही नुसत्या टापटिपीची नव्हे, तर सत्यासत्याची बाब आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेल्या व आज नाना जातींच्या प्रोसेसरांवर चालणाऱ्या 'जीडीबी' या डीबगरमधील आर्म प्रोसेसरचा विभाग या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेला आर्म १९८५ च्या एप्रिलमध्ये प्रथम चालू झाला. त्याची मूळ आज्ञा ३२ बिटांची असते, व हे बिट ठरावीक रकान्यांत वाटलेले असतात: सर्वांत वरचे चार बिट आज्ञा कोणत्या अटीवर अमलात आणावयाची हे सांगतात, मधल्या काहींत कृती व रजिस्टरांचे क्रमांक, आणि तळाशी, पुष्कळ आज्ञांत, एखादी संख्या. प्रोग्राममधील फंक्शन सहसा आरंभीच स्टॅकवर आपल्यापुरती जागा राखून ठेवते. कंपायलरने त्याचा तपशील सोबत दिलेला नसेल तर या आरंभीच्या आज्ञा एकेक करून वाचणे, किती जागा घेतली गेली याचा हिशेब मांडणे, आणि त्यावरून या फंक्शनला कोणी बोलावले त्याचा माग काढणे, हे काम डीबगरलाच करावे लागते. हिशेब चुकला तरी डीबगर बहुधा बंद पडत नाही. तो शांतपणे भलत्याच फंक्शनचे नाव सांगतो, आणि हीच त्यातील खरी धास्ती आहे.

असा कोड प्रथम पाहणाऱ्यास तो, रकान्यांची शीर्षके पुसली गेलेल्या जमाखर्चाच्या वहीसारखा भासतो. आज्ञेचे खालचे १२ बिट झाकून उरलेला भाग 'ई२४डीडी०००' या षोडशमान संख्येशी जुळला तर ती आज्ञा स्टॅकवर जागा घेण्याची समजावी, असे तेथे लिहिलेले असते. बाजूला टीप असते हे खरे, परंतु त्या संख्येतील कोणते अक्षर कोणत्या रकान्याचे, हे प्रोसेसरची नियमपुस्तिका उघडल्यावाचून उमगत नाही.

झाकलेल्या त्या १२ बिटांची कथा याहून रंजक आहे. एवढ्याशा जागेत मोठ्या संख्या मावाव्यात म्हणून आर्मच्या रचनाकारांनी अशी तजवीज केली की, खालच्या आठ बिटांत मूळ संख्या ठेवावी, वरच्या चारांत फिरवण्याचे मान ठेवावे, आणि त्या मानाच्या दुप्पट घरे मूळ संख्या ३२ बिटांच्या वर्तुळात उजवीकडे फिरवावी. १०२४ ही संख्या हवी असेल तर मूळ संख्या १ आणि मान ११: एकाला २२ घरे उजवीकडे फिरवले की १०२४ मिळतात. जीडीबीच्या जुन्या कोडमध्ये हे मान काढताना तो चार बिटांचा रकाना उजवीकडे सात घरे सरकवलेला दिसतो. रकाना खालचे आठ बिट सोडून सुरू होत असता आठ न सरकवता सातच का? तर आठ घरे उजवीकडे सरकवणे आणि दुप्पट करण्यासाठी एक घर डावीकडे आणणे, या दोन क्रिया लेखकाने एकाच आकड्यात मिटवल्या होत्या. हिशेब अचूक आहे. मात्र त्यामागची विचारसरणी आकड्यात लुप्त झाली आहे.

हेच सूत्र निरनिराळ्या आज्ञांसाठी ठिकठिकाणी पुन्हा उतरवलेले होते. पुढे ते 'आर्म एक्स्पांड इमीजिएट' अशा नावाच्या एकाच फंक्शनमध्ये आणले गेले. फिरवणे साधण्यासाठी जुने सूत्र संख्या एकदा उजवीकडे व एकदा, ३२ पैकी उरलेली घरे, डावीकडे सरकवून दोन्ही उत्तरे एकत्र करी; त्यामुळे मान शून्य असेल तेव्हा ती डावीकडे ३२ घरे सरकवली जाई, आणि ३२ बिटांची संख्या ३२ घरे सरकवली असता काय निष्पन्न व्हावे याविषयी सी भाषेचे नियम कोणतीही हमी देत नाहीत. इंटेलचा प्रोसेसर अशा वेळी संख्या जशीच्या तशी ठेवतो, आर्म तिचे शून्य करतो, आणि योगायोग असा की दोन्ही परींनी अंतिम उत्तर बरोबरच येते. पण नियमाचा आधार नसल्याने एखाद्या नव्या कंपायलरने निराळा अर्थ लावला असता तर त्याला दोष देता आला नसता. नव्या फंक्शनमध्ये शून्याची वाट स्वतंत्र लिहिलेली आहे. माझ्या मते नावे देण्याचा आणि पुनरुक्ती काढण्याचा खरा लाभ येथे आहे: जी चूक अनेक जागी विखुरलेली असताना नजरेआड राहते, ती एका जागी आल्यावर एकदाच दुरुस्त करता येते.

बाह्य वर्तन न बदलता अंतर्गत रचना सुधारणे म्हणजे रिफॅक्टरिंग, अशी व्याख्या मार्टिन फाउलर यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात रूढ केली. वर्तन बदलले नाही हे या बाबतीत पुरतेपणी तपासता येते, कारण १२ बिटांच्या रकान्यात ४०९६ च मूल्ये संभवतात, आणि जुन्या व नव्या कोडला ती सर्व देऊन उत्तरे ताडून पाहणे संगणकाला क्षणाचे काम आहे. अपवाद मान शून्य असलेल्या २५६ मूल्यांचा. तेथे जुन्या कोडच्या उत्तरालाच भाषेच्या नियमांचे पाठबळ नसल्याने त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही, आणि नवे उत्तर प्रोसेसरच्या नियमपुस्तिकेशीच पडताळावे लागते.