टॉवर दूर, तर फोन जोरात

मोबाइलच्या लहरींची भीती वाटली की बोट गच्चीवरच्या टॉवरकडे जाते आणि कानाला टेकलेला फोन नजरेतून सुटतो. वास्तविक अंतर वाढते तशी लहरींची तीव्रता झपाट्याने घटते, त्यामुळे बोलताना डोक्यात शिरणारी बहुतेक ऊर्जा हँडसेटचीच असते. शिवाय रेंज कमी असेल तर फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो. म्हणजे टॉवर हटवल्यास डोक्यात शिरणारी ऊर्जा वाढण्याचीच शक्यता. भारताने २०१२ मध्ये टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा ठरवली, तर हँडसेटसाठी ऊर्जाशोषणाचा दर, म्हणजे ‘एसएआर’, किलोमागे कमाल १.६ वॅट.

मग २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात का टाकले? कारण हा गट पुराव्याचे बळ सांगतो, धोक्याचा आकार नव्हे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. संघटनेनेच करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. तरीही लहानपणापासूनच्या वापराबद्दल सावधगिरी गैर नाही, आणि ती स्वस्तही आहे: इअरफोन किंवा स्पीकर वापरावा, रेंज कमी असेल तेव्हा लांबलचक बोलणे टाळावे.