मेघवनातील वस्ती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलाबामा या संस्थानात फेअरहोप नावाचे एक लहानसे गाव आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास या गावाच्या परिसरात क्वेकर पंथाची काही शेतकरी कुटुंबे राहत होती. हा ख्रिस्ती पंथ सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आला. साधी राहणी, सत्य भाषण आणि शांतता ही त्याची मुख्य तत्त्वे होत. या कुटुंबांतील माणसे प्रार्थनेसाठी एकत्र जमत, तेव्हा मौन धरून बसत. ज्याला अंतःकरणातून काही सांगावेसे वाटे, तोच उठून बोले. कोणावरही शस्त्र उचलावयाचे नाही, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम होता.

दुसरे महायुद्ध संपून तीन वर्षे होतात न होतात तोच, १९४८ साली, तरुणांनी सैन्यासाठी आपली नावे नोंदविलीच पाहिजेत, असा कायदा अमेरिकेत झाला. फेअरहोपच्या चार क्वेकर तरुणांनी नाव नोंदविण्यास नकार दिला. ते पळून गेले नाहीत की लपून बसले नाहीत. १९४९ साली न्यायालयाने त्यांस एक वर्ष व एक दिवस कारावासाची शिक्षा फर्माविली, ती त्यांनी शांतपणे स्वीकारली. काही महिन्यांनी त्यांची सुटका झाली. पण घरच्या वडीलधाऱ्यांच्या मनातील प्रश्न सुटला नाही. आपण कष्टाने मिळविलेल्या पैशातून कर भरतो आणि त्यातूनच शस्त्रे तयार होतात. मग आपल्या तत्त्वाचा अर्थ तो काय? पुष्कळ विचारविनिमय झाल्यावर अनेक कुटुंबांनी देशत्याग करण्याचे ठरविले.

जावे कोठे? मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि पनामा यांच्यामध्ये कोस्टा रिका हा छोटासा देश आहे. १ डिसेंबर १९४८ रोजी तेथील नेते होसे फिगेरेस यांनी राजधानी सान होसे येथील लष्करी किल्ल्याच्या भिंतीवर हातोड्याचा घाव घातला आणि देशाचे सैन्य बरखास्त झाल्याचे जाहीर केले. पुढे त्याच किल्ल्यात राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. ज्या देशाने स्वतःचे सैन्यच मोडीत काढले, तो या लोकांना आपलासा वाटला, यात नवल नाही.

१९५० च्या अखेरीस ही मंडळी निघाली. अर्भकांपासून वृद्धांपर्यंत ती सुमारे चाळीस माणसे होती. काही विमानाने गेली. काहींनी मोटारींत संसार भरून खुष्कीचा मार्ग धरला. त्यांच्या वाटेत कित्येक ठिकाणी धड रस्ताही नव्हता. अखेर १९५१ साली तिलारान डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर, त्यांनी सुमारे १,४०० हेक्टर जमीन विकत घेतली. तिला त्यांनी ‘मोंतेवेर्दे’ म्हणजे ‘हिरवा डोंगर’ असे स्पॅनिश नाव दिले.

ही जागा आपल्या महाबळेश्वराइतकी उंच. परंतु तेथे ना बाजारपेठ होती, ना पक्का रस्ता. प्रारंभी कित्येकांनी तंबूंत दिवस काढले. खालून येणारी वाट बैलगाडीची आणि पावसाळ्यात चिखलाने भरलेली. मुलांचे शिक्षण खोळंबू नये, म्हणून त्याच वर्षी त्यांनी शाळा सुरू केली. आधीपासून तेथे राहणाऱ्या कोस्टा रिकन शेतकऱ्यांकडून ते स्पॅनिश भाषा आणि त्या मातीतली शेती शिकले. त्यांनी गाई पाळल्या. पण दूध नासण्यापूर्वी ते डोंगर उतरून शहरात पोचविणे अशक्य होते. तेव्हा त्यांनी चीज तयार करण्याचा कारखाना काढला. सुमारे दहा लिटर दुधापासून एक किलो चीज होते. ते वाहून नेण्यास हलके असते आणि दीर्घकाळ टिकते. शेजारच्या शेतकऱ्यांचे दूधही हा कारखाना घेऊ लागला. अशा रीतीने तो सर्व पंचक्रोशीचा आधार बनला.

जमिनीची वाटणी करताना या कुटुंबांनी एक दूरदर्शी निर्णय घेतला. डोंगरमाथ्याकडील सुमारे एकतृतीयांश रान कोणालाही न देता त्यांनी जसेच्या तसे राखून ठेवले. त्यामागचे कारण समजण्यास त्या रानाचा विशेष जाणून घेतला पाहिजे. कॅरिबियन समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे डोंगराला अडून वर चढतात, तेथे थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचे ढग बनतात. त्यामुळे माथ्यावरचे रान वर्षातील बराच काळ ढगांत बुडालेले असते. म्हणूनच त्याला मेघवन म्हणतात. झाडांच्या फांद्यांवर शेवाळ आणि नेचे यांचे दाट आवरण असते. ढगांतील सूक्ष्म जलकण त्यात अडकतात, थेंबाथेंबाने गळतात, पालापाचोळ्याखालच्या मऊ मातीत मुरतात आणि झऱ्यांच्या रूपाने खाली येतात. पाऊस नसलेल्या महिन्यांतही ओढे वाहतात ते यामुळे. झाडे तोडली, तर ढग तसेच पुढे निघून जातील, माती धुपेल आणि झरे आटतील, हे उघड आहे.

तथापि, या लोकांच्या हातून वृक्षतोड झालीच नाही, असे मात्र नव्हे. चराऊ कुरणांसाठी त्यांनीही पुष्कळ झाडे पाडली. कारावास भोगलेल्या चार तरुणांपैकी विल्फर्ड गिंडन हे तर यांत्रिक करवती विकत असत. पुढे जॉर्ज पॉवेल हे तरुण प्राणिशास्त्रज्ञ पक्ष्यांच्या अभ्यासासाठी मोंतेवेर्दे येथे आले. त्यांच्या सहवासात गिंडन यांना रानाचे मोल नव्याने उमगले. १९७२ साली तेथे मेघवनाचे संरक्षित क्षेत्र स्थापन झाले. ते वाढविण्यासाठी दोघांनी अपार कष्ट घेतले आणि करवती विकणारे गिंडन त्या रानाचे रक्षक झाले.

राखलेल्या रानावरही संकटे येतात. मोंतेवेर्देच्या माथ्यावर एक सोनेरी भेक आढळे. जगात तो अन्यत्र कोठेही नव्हता. १९८७ साली तो शेकड्यांनी दिसला. १९८९ नंतर मात्र एकही आढळला नाही. घातक बुरशीचा रोग आणि बदलते हवामान ही त्याच्या नाशाची कारणे असावीत, असे शास्त्रज्ञ मानतात.

त्याच १९८७ साली दूरच्या स्वीडनमधील एका लहानशा शाळेतील मुलांनी उष्ण प्रदेशातील अरण्यांच्या नाशाची हकीकत ऐकली. त्यांनी पैसे जमविले आणि मोंतेवेर्देजवळचे थोडे रान विकत घेण्यास ते पाठविले. ते पाहून अनेक देशांतील मुले पुढे आली. त्यातून ‘मुलांचे चिरंतन वन’ निर्माण झाले. आज ते २२,००० हेक्टरांहून मोठे आहे.

शस्त्र उचलावयाचे नाही, या निश्चयापायी काही कुटुंबांनी आपला देश सोडला. ज्या डोंगरावर ती शांतपणे जगण्यास गेली, त्याने त्यांना आणखी एक धडा दिला. सुखाने नांदावयाचे, तर शस्त्राप्रमाणे कुऱ्हाडीवरचा हातही आवरावा लागतो.