मजकूर इथे, सजावट तिथे!

आपल्या हॉस्टेलची जुनी वेबसाईट तुमच्यापैकी किती जणांनी उघडून पाहिली असेल, शंकाच आहे! सिनिअर्सनी २००४ साली मोठ्या हौसेने बनवलेली ती पानं आजही ब्राउझरमध्ये उघडतात. मग त्यांना हात कशाला लावायचा? या सुट्टीत मी ती पानं स्टाईलशीटवर आणायला बसले, तेव्हा जो तो मला हेच विचारत होता. त्याचं उत्तर म्हणजे हा लेख. दुसऱ्या ब्रँचवाल्यांनी घाबरू नये, यात कोडची एकही ओळ नाही.

आधी थोडा इतिहास. एचटीएमएल ही भाषा मुळात मजकुराची रचना सांगण्यासाठी आहे. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, एवढंच. पण लोकांना रंग हवे होते, मोठी अक्षरं हवी होती. म्हणून ब्राउझर बनवणाऱ्यांनी फॉन्ट टॅगसारखे टॅग आणले, आणि जानेवारी १९९७ मध्ये एचटीएमएल ३.२ मध्ये फॉन्ट टॅग अधिकृतही झाला. गंमत म्हणजे खरा उपाय त्याआधीच निघाला होता. हॉकोन व्हिउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये कॅस्केडिंग स्टाईलशीट, म्हणजे सीएसएसची कल्पना मांडली. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीर झाली. पण तेव्हाचे ब्राउझर तिला नीट साथ देत नसत, म्हणून जुनी पद्धत चालूच राहिली. ऑक्टोबर २००२ मध्ये 'वायर्ड न्यूज'ने डग्लस बोमन यांच्या डिझाईननुसार टेबलांचा सांगाडा सोडून अख्खी साईट सीएसएसवर आणली. रोज बातम्या देणाऱ्या मोठ्या साईटलाही हे जमतं, हे त्यातून सगळ्यांना दिसलं.

स्टाईलशीट म्हणजे काय, हे मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांना एका वाक्यात कळेल: ऑटोकॅडमधले लेयर! प्रत्येक रेषेला वेगळा रंग देत बसण्यापेक्षा ती रेषा 'डायमेन्शन' लेयरवर टाकायची आणि रंग लेयरला द्यायचा. उद्या रंग बदलायचा झाला तर एकाच जागी बदला. तसंच इथे. पानात फक्त मजकूर, आणि तो दिसेल कसा याचे नियम एका वेगळ्या फाईलमध्ये. सगळी पानं तीच फाईल वापरतात.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात आधी बॅकअप. मग पानं नुसती वाचायची आणि सजावटीचे प्रकार मोजायचे. आपल्या साईटवर फॉन्ट टॅग शेकड्यांनी होते, पण प्रकार निघाले जेमतेम सात: मुख्य शीर्षक, उपशीर्षक, साधा मजकूर, सूचना, तक्ता, लिंक आणि तळटीप. म्हणजे नियम सातच लिहायचे!

दुसरं, पानाच्या पहिल्या ओळीत डॉकटाईप लिहायचं. ते नसेल तर ब्राउझर जुन्या सवयींना धरून चालतो. याला क्वर्क्स मोड म्हणतात. त्यात अख्ख्या पानाला दिलेला अक्षरांचा आकार टेबलांच्या आत उतरत नाही, आणि आपण नियम कुठे चुकला ते शोधत बसतो. डॉकटाईप दिल्यावर पान थोडं इकडेतिकडे सरकतं, म्हणून हे काम सुरुवातीलाच उरकावं.

तिसरं, जुने टॅग खरोखर काढायचे. स्टाईलशीटमध्ये परिच्छेदाला काळा रंग दिला, तरी आतला फॉन्ट टॅग लाल म्हणत असेल तर अक्षरं लालच राहतात. वरून आलेल्या रंगापेक्षा आतल्या टॅगचा स्वतःचा रंग वरचढ ठरतो. 'सीएसएस चालतच नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टॅग काढताना प्रत्येक वेळी विचारायचं, की ही सजावट काय सांगत होती? माझ्या विंगमधली एक मैत्रीण स्क्रीन वाचत नाही, ऐकते. ती एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर वापरते. त्यात एच ही की दाबली की एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उडी मारता येते. पण आपल्या पानांवर शीर्षकं नव्हतीच, नुसती मोठी ठळक अक्षरं होती! तिला मेसच्या सुट्टीची तारीख शोधायला अख्खं पान ऐकावं लागायचं. तीच अक्षरं खऱ्या शीर्षकाच्या टॅगमध्ये घातल्यावर तिचं काम सोपं झालं. लाल रंगातल्या ओळींचंही तसंच. त्या लाल का, तर तातडीच्या म्हणून. तेव्हा नियमाचं नाव 'लाल' नाही, 'तातडीची सूचना' असं ठेवायचं, आणि ओळीच्या सुरुवातीला 'तातडीचे' हा शब्दही लिहायचा. उद्या लालचा केशरी केला तरी नाव खोटं ठरत नाही. टेबलांनाही हाच प्रश्न. पानाचे रकाने पाडण्यासाठी वापरलेली टेबलं काढली, पण मेसचा आठवड्याचा मेनू हा खरोखरच तक्ता आहे, तो तसाच ठेवला.

आणि आता मराठी पानांचा सापळा! आपल्या साईटवरचे सिनिअर्सचे मराठी लेख कृतिदेव फॉन्टमध्ये आहेत. या फॉन्टमध्ये 'क' हे अक्षर इंग्रजी 'डी'च्या जागी बसवलेलं असतं. म्हणजे फाईलमध्ये असतो 'डी', फॉन्टमुळे दिसतो 'क'. इथे फॉन्ट टॅग काढला की सगळा लेख इंग्रजी अक्षरांचा गिचमिड काला होतो. स्क्रीन रीडर तर आधीपासून तो कालाच वाचत होता, आणि सर्चमध्येही हे लेख सापडत नव्हते. म्हणून इथे क्रम उलटा: आधी मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, मगच टॅग काढायचा. कन्व्हर्टर मिळतात, पण डोळ्यांनी तपासायला हवंच. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं उलट. जोडाक्षरांजवळ हमखास गडबड होते.

आजचे ब्राउझर फॉन्ट टॅग अजून दाखवतात, हे खरं आहे. पण कृतिदेव नसलेल्या मशीनवर ते लेख आजच वाचता येत नाहीत, आणि फोनवर तर मुळीच नाहीत. अजून अकरा लेख युनिकोडमध्ये आणायचे बाकी आहेत. शुद्धलेखन पक्कं असलेल्या दोघातिघांची मदत मिळाली तर हवीच आहे, आणि स्टाफपैकी कुणाकडे त्या लेखांच्या छापील प्रती असतील तर तपासायला फारच उपयोग होईल. संध्याकाळी मेसनंतर रीडिंग रूममध्ये या. कोड आला नाही तरी चालेल, मराठी वाचता आलं म्हणजे झालं!