मंद चालीवर तापणारे नौकेचे इंजिन

१९५० नंतरच्या दोन दशकांत कोकण किनाऱ्यावरील शिडाच्या नौकांना इंजिने बसू लागली आणि वाऱ्याची वाट पाहण्याचे दिवस सरले. वाऱ्याची चिंता गेली तरी तिच्या जागी इंजिनाची चिंता आली. पूर्ण वेगाने धावताना थंड राहणारे इंजिन नौका उभी करून मंद चालीवर सोडताच तापू लागते, ही तक्रार मच्छीमार बांधवांकडून वारंवार ऐकू येते. डोलीचे जाळे ओढण्याची वेळ भरती-ओहोटीच्या मधल्या थोड्या अवधीपुरतीच असते. त्याच वेळी तापमापकाचा काटा वर चढू लागला, तर इंजिन बंद करून प्रवाहात वाहून जावे की चालू ठेवून ते जाळून घ्यावे, असा पेच तांडेलापुढे उभा राहतो. तापून वाकलेले सिलिंडर हेड हा एका फेरीचा तोटा नव्हे. कित्येकदा सबंध हंगाम त्यात जातो.

हा दोष शोधताना आरंभी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. इंजिन वेगात असताना तापत असेल तर थंडाव्याच्या नळ्यांत साचलेला क्षार, अर्धवट बंद झालेले पाण्याचे तोंड, अथवा पंख्यात अडकलेले जाळे यांचा संशय घ्यावा. केवळ मंद चालीवर तापत असेल तर पहिला संशय समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपावर घ्यावा. या पंपात रबरी पात्यांचे एक चक्र असते, त्यास इंपेलर म्हणतात. पाती पंपाच्या भिंतीला घासून वाकतात व सुटतात, आणि त्यामुळे पाणी ओढले जाते. पाती झिजली म्हणजे त्यांच्या कडेने पाणी मागे निसटते. वेग जास्त असताना ही गळती जाणवत नाही. वेग उतरला की पंपाच्या अंगी पाणी उचलण्याची शक्तीच उरत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. गियर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाचा वेग थोडा वाढवावा. एक्झॉस्टमधून पडणारे पाणी वाढून काटा खाली येऊ लागला, तर दोष पंपात किंवा पंपापर्यंत येणाऱ्या नळीत आहे असे समजावे. पाणी मुळीच पडत नसेल तर मात्र परीक्षा पाहत न बसता इंजिन ताबडतोब बंद करावे, कारण कोरडे फिरणारे रबरी चक्र फार थोड्या वेळात जळून जाते. तत्पूर्वी काटा खरे सांगतो की नाही, हेही पाहावे. न स्पर्शता उष्णता मोजणारे छोटे उपकरण आता सहज मिळते; ते प्रत्येक नौकेवर असावे.

पंप उघडण्यापूर्वी तळाचा कॉक बंद करावा. हे सांगण्याची गरज वाटू नये, परंतु घाईत नेमके हेच विसरते. इंपेलर काढल्यावर पाती मोजावीत. एखादे पाते तुटलेले आढळल्यास नवे चक्र बसवून काम संपत नाही. तुटलेला तुकडा पाण्याबरोबर पुढे जाऊन थंडाव्याच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकतो आणि तेथे पाणी अडवीत राहतो. सर्व तुकडे हाती लागेपर्यंत शोध सोडू नये. त्याच ठिकाणी गंज रोखण्यासाठी बसविलेल्या जस्ताच्या कांडीचे गळून पडलेले अवशेषही सापडतात. नवे चक्र बसविताना त्यास ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी लावावे, ग्रीस लावू नये. ग्रीसने रबर फुगते. पंपाच्या झाकणावर खोल चरे पडले असतील तर झाकणही बदलावे.

चक्र चांगले असूनही पाणी कमी येत असेल तर पंपाच्या आधीच्या मार्गात हवा शिरत असते. येथे पुष्कळजण फसतात, कारण ओढीच्या नळीतून पाणी बाहेर ठिबकत नाही. उलट ती हवा आत घेते. बाहेरून सारे कोरडे व निर्दोष दिसते. गाळणीच्या झाकणाखालची रबरी चकती, सैल क्लिपा आणि चिरलेला होज पाईप ही हवा शिरण्याची नेहमीची ठिकाणे होत. पंपापूर्वी पारदर्शक नळीचा तुकडा बसविल्यास बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. याहून साधा उपाय म्हणजे पंपाची नळी सोडवून पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवावी व पिंप रिकामे होऊ न देता इंजिन मंद चालवावे. इंजिन थंड राहिले तर पंप निर्दोष असून दोष गाळणी, कॉक किंवा तळाच्या तोंडाशी आहे. ओहोटीच्या वेळी खाडीत उभ्या राहणाऱ्या नौकांच्या गाळणीत चिखल व शेवाळ लवकर भरते; ती फेरीगणिक पाहावी.

आतल्या गोड्या पाण्याची पातळीही तपासावी, परंतु गरम इंजिनाचे झाकण कदापि उघडू नये. वाफेने तोंड भाजते. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचा संभव असतो.

थर्मोस्टॅट काढून फेकणे हा उपाय अनेक कारागीर मोठ्या आत्मविश्वासाने सुचवितात. तो मान्य करण्याजोगा नाही. त्याने इंजिन गरजेपेक्षा थंड चालते, डिझेल पुरते जळत नाही. आणि काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसल्यास पाणी थंडाव्याकडे न जाता आडवाटेने फिरत राहते व इंजिन अधिकच तापते. संशय असल्यास थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या भांड्यात सोडून तो उघडतो की नाही हे पाहावे.

लांबून पूर्ण वेगाने येऊन नौका एकदम उभी केल्यास काटा काही मिनिटे थोडा चढतो, तो दोष नव्हे. वेग टप्प्याटप्प्याने उतरवावा. नौकेच्या तळाला बाहेरून बसविलेल्या नळ्यांतून थंडावा घेणाऱ्या इंजिनांना मात्र नौका उभी राहिली की वाहते पाणी कमी मिळते. त्या नळ्यांवर कालवे-शिंपले चढलेले असतील तर ते खरवडून काढावेत.

पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढल्यावर इंपेलर काढून ठेवावा. महिनोन्महिने एकाच स्थितीत वाकून राहिलेली पाती पुन्हा सरळ होत नाहीत. नारळी पौर्णिमेपूर्वी तो बसवून इंजिन मंद चालीवर सोडावे, एक्झॉस्टखाली बादली धरावी आणि ती किती सेकंदांत भरते ते नाखव्याने वहीत लिहून ठेवावे. हंगामात कधी शंका आली की बादली पुन्हा धरावी.