धरणाच्या काठी दोन रात्री

आपली माणसे प्रवास काही कमी करीत नाहीत. लग्नाला जातात, पुण्यानुमोदनाला जातात, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातात, दसऱ्याला नागपूर गाठतात. इस्पितळातल्या माणसाला डबा घेऊन तर रोजच जातात. परंतु काहीही काम नसताना, केवळ पाण्याकाठी बसून राहावे म्हणून घराला कुलूप लावणारी कुटुंबे आपल्या वस्तीत किती? आमच्या चाळीतील तीन घरांनी यंदा तसे करायचे ठरविले आहे. लहानथोर मिळून अकरा माणसे. ठिकाण भंडारदरा. दिवाळीनंतर दोन रात्री तलावाच्या काठी कॉटेजमध्ये राहायचे आहे. ही आखणी करताना जे जे कळले ते वाचक बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल.

भंडारदराच का, तर कसाऱ्यापर्यंत लोकल जाते म्हणून! तिथून घाट चढणाऱ्या जीपने इगतपुरी किंवा घोटी, आणि पुढे एस.टी.ने बारीमार्गे शेंडी. शेंडी हे धरणालगतचे गाव. पुण्याकडच्या मंडळींनी संगमनेर, अकोले, राजूर असे यावे. एस.टी.त २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढील ज्येष्ठांना तिकीट नाही आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. आमच्या अकरांत सहा बायका-मुली आणि एक सत्याहत्तर वर्षांच्या आजी. त्यामुळे एस.टी.चा हिशेब पुरुषांपेक्षा बायकांनीच जास्त आनंदाने केला. आजींचे आधारकार्ड मात्र पिशवीच्या तळाशी नको, कंडक्टरला दाखवता येईल असे वर ठेवायचे.

दिवस ठरविणे हेच खरे अवघड काम. एकजण महापालिकेच्या सफाई खात्यात, त्याची सुट्टी मंगळवारी. दुसरा ठेकेदाराकडे, त्याचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. दोघी घरकामाला जातात. दोन दिवस गेले नाही तर बाईंचे तोंड वाकडे. डिसेंबरअखेरीस दर चढतात, शिवाय ६ डिसेंबरला दादर आणि १ जानेवारीला भीमा कोरेगाव हे आपले ठरलेलेच. म्हणून नोव्हेंबर, शाळेची दिवाळीची सुट्टी संपण्याआधीचे सोमवार ते बुधवार. आठवड्याच्या मधल्या दिवशी खोल्या स्वस्त मिळतात आणि काठावर गर्दी नसते. पावसाळ्यात तिथले धबधबे पाहण्यासारखे असतात हे खरे. पण घाटघरच्या बाजूला असा पाऊस कोसळतो की लहान मुले दोन दिवस खोलीतच कोंडून राहतील. मेअखेरीस काजव्यांनी झाडे लखलखतात, तेव्हाही जावे. मात्र तो भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, रात्री जंगलात जाण्याचे वनखात्याचे नियम आधी विचारून घ्यावेत.

आता पैशाचे. मार्चपासून प्रत्येक घराने महिन्याला सहाशे रुपये बाजूला टाकले. आठ महिन्यांचे तिघांचे मिळून चौदा हजार चारशे. दोन मोठ्या खोल्या, दोन रात्री, मिळून आठ हजार. उरलेल्यात प्रवास, जेवण आणि होडी. डबा आमच्यातल्या एका भगिनीकडे आहे, तिच्या नवऱ्याकडे नाही. का ते विचारू नये.

मुलांना तंबू हवा होता. तंबूचा दर माणशी असतो आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळचा नाश्ता धरलेला असतो, हे सोयीचे. परंतु शौचालय तंबूपासून लांब, जमीन ओली, आणि आजींचे गुडघे दुखरे. रात्री दोन वेळा उठणाऱ्या माणसाला अंधारात बॅटरी घेऊन चालवायचे का? कॉटेज घेतली. मुलांचा रुसवा दोन दिवस टिकला.

खोली शोधताना आलेला एक अनुभव सांगतो, कारण तो पुष्कळांना येत असेल. एका खासगी मुक्कामाच्या मालकाने फोनवर आडनाव विचारले. सांगितले. मग गाव विचारले. तेही सांगितले. मग म्हणाला, "म्हणजे कुणापैकी?" आम्ही फोन ठेवला. आजींना हे कळल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पाण्याला जायचं तर अजून विचारत्यात व्हय?" महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट त्यांनी आपल्या सासऱ्यांकडून ऐकलेली आहे. धरणाच्या काठावरच महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे, तेथे ओळखपत्र लागते, बाकी चौकशी नाही. पण सगळेच मालक सारखे नसतात. दुसऱ्या एका घरगुती मुक्कामाच्या बाईंनी आधी विचारले ते हे, की म्हाताऱ्या माणसाला खाली झोपणे जमेल ना, की खाट टाकू? आम्ही तिथे पैसे भरले.

मुलांना धरणाची माहिती आधीच सांगून ठेवावी, म्हणजे नुसते फोटो काढून ती परतणार नाहीत. प्रवरा नदीवरील हे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते विल्सन डॅम, तर तलाव आर्थर लेक म्हणून ओळखला जातो. उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११ टीएमसी. हे पाणी कालव्यांनी खाली संगमनेर-राहात्याकडच्या उसाला जाते, आणि वरच्या वाड्यांतील आदिवासी भगिनी एप्रिल-मे महिन्यांत हंडा घेऊन पायपीट करतात. हेही मुलांनी पाहावे. ब्रिटिशांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातील देवगावचे. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. शाळेच्या पुस्तकात हे नाव आमच्या मुलांना सापडले नाही. होडीने रतनवाडीला जाता येते, तिथल्या अमृतेश्वराच्या जुन्या मंदिराचे दगडातील कोरीव काम पाहण्याजोगे आहे. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, राज्यातील सर्वांत उंच. तरुणांनी बारी गावातून पहाटे चढावे, आजींनी खालूनच पाहावे.

जेवणावरून घरात तीन रात्री वाद झाला. पुरुषांचे म्हणणे, स्टोव्ह नेऊ, पैसे वाचतील. वाचतील, पण स्टोव्हपुढे बसणार कोण? घरी रोज जी बसते तीच! मग तिची सहल कुठली? अखेर ठरले ते असे, की दोन दिवस एकही बाई चुलीपुढे बसणार नाही. दोन वेळचे जेवण मुक्कामाच्या घरून घ्यायचे: नागलीची भाकरी, पिठले, ठेचा, भात. बाकी घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सुकटीचा डबा आणि मुलांना चिवडा. चहा पुरुषांनी करायचा, आणि तो जसा होईल तसा प्यायचा.

दुसरी अट आजींची. बाटली येणार असेल तर मी येणार नाही, असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले. एका जावईबापूंनी, "थंडीत थोडी लागतेच," असा सूर काढला. त्यांच्या बायकोने त्यांना जाड स्वेटर विणायला घेतला आहे. अट नुसती शीलाची नाही, जिवाची आहे. धरणाचा काठ नदीच्या घाटासारखा नसतो. दोन पावले गुडघाभर पाणी आणि तिसऱ्या पावलाला तळ नाही. खाली चिखल, बुडालेल्या झाडांचे बुंधे. चांगला पोहणाराही तिथे फसतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत चार लेकरे होती. ती माणसेही आपल्यासारखीच सुट्टीला आली होती. म्हणून आमचे नियम: पाण्यात कुणीही उतरायचे नाही, पाय बुडवायचे ते मोठ्या माणसाचा हात धरून. होडीत लहान मापाचे लाइफ जॅकेट नसेल तर मुले होडीत बसणार नाहीत, पैसे भरलेले असले तरी. धरणाच्या पायथ्याशी दार उघडले की पाणी एकाएकी येते, तिथे खडकावर जायचे नाही. मुलांची मोजणी दर तासाला, आणि ती कोण करणार त्याचे नाव आधीच ठरलेले.

सामानात दोन बॅटऱ्या, मच्छर अगरबत्ती, प्रत्येकाला कानटोपी, आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवसांच्या, बंद बूट, आणि सतरंज्या दोन. एक सतरंजी काठावर अंथरण्यासाठी. आजींनी विचारले, तिथे बसून करायचे काय? आम्ही सांगितले, काहीच नाही. त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. विणायची लोकर बरोबर घेऊ का, असे त्यांनी काल पुन्हा विचारले.