अध्यापनव्यवसायाची निवड आणि वर्गातील पूर्वानुभव

वकिली किंवा वैद्यकी पत्करू इच्छिणाऱ्या तरुणाला त्या व्यवसायाचे अंतरंग सहसा ठाऊक नसते, आणि ते ठाऊक नसल्याची जाणीवही त्याला असते. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याची स्थिती निराळी असते. शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात घालवितो, असा अंदाज अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली ‘स्कूलटीचर’ या ग्रंथात मांडला आणि या सहवासाला ‘निरीक्षणाची उमेदवारी’ म्हटले. ही उमेदवारी फसवी आहे. बाकावरून दिसते ते शिक्षकाचे बोलणे. गप्प बसलेल्या मुलाला केव्हा बोलते करावे, योजलेले उदाहरण अर्ध्यावरच का सोडून द्यावे, हा त्याच्या मनातील विचार विद्यार्थ्याला दिसत नाही.

प्रशिक्षणक्रमात प्रत्यक्षानुभवाची तरतूद आहेच. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी दोन वर्षांच्या बी. एड्. अभ्यासक्रमात २० आठवड्यांचा शालेय अनुभव आवश्यक ठरविला. तथापि तो प्रवेशानंतरचा, म्हणजे निर्णयानंतरचा अनुभव होय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पुरस्कारिलेल्या चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात तर हा निर्णय बारावीनंतरच घ्यावा लागतो.

इंग्लंडमध्ये १८४६ साली सुरू झालेल्या छात्रशिक्षक योजनेत क्रम उलटा होता. तेराव्या वर्षी मुलगा वा मुलगी पाच वर्षांच्या कराराने शाळेत उमेदवारी करी आणि मग परीक्षा देऊन अध्यापक महाविद्यालयात जाई. वर्ग आधी, शास्त्र नंतर. परंतु करार तेराव्या वर्षीच होत असल्याने अनुभव मिळाला, निवडीचे स्वातंत्र्य मात्र मिळाले नाही. शिवाय शाळांना स्वस्त मनुष्यबळ लाभले, हेही विसरता येत नाही.

निर्णयास उपयोगी पडणारा अनुभव कोणता? एकट्या मुलाची शिकवणी पुरेशी नाही. तेथे मूल अडले की थांबता येते. वर्गात एकासाठी थांबले की उरलेले चाळीस जण वाट पाहतात, आणि अध्यापनाची खरी अडचण नेमकी येथे सुरू होते. एखाद्या दिवशी उत्साहाने दिलेला पाठही फारसे काही सांगत नाही. नवख्या माणसाचे मुले कुतूहलाने ऐकतात. रात्रशाळेत वा वस्तीतील अभ्यासवर्गात एकाच वर्गाला तीन-चार आठवडे सलग शिकवावे, त्याच मुलांच्या वह्या तपासाव्यात. आपण सांगितले ते वहीत किती विपरीत उतरले आहे हे पाहिल्यावर इच्छुकाला कंटाळा येतो, की ते मूल त्या चुकीपर्यंत कसे पोहोचले याचे कुतूहल वाटते, यावरून त्याला स्वतःविषयी बरेच कळू शकेल. पाठ रंगला की फसला, हा प्रश्न त्या मानाने गौण आहे. पाठ रंगविण्याचे कौशल्य प्रशिक्षणाने पुष्कळसे साधते.

अर्थात वर्ग ही इच्छुकांची प्रयोगशाळा नव्हे. मुलांचे ते आठवडे परत येत नाहीत. म्हणून नेहमीचा शिक्षक वर्गात उपस्थित असावा आणि भाग कोणता शिकवावयाचा हे त्यानेच ठरवावे.