बोटावरचा आकडा

सप्टेंबर 2020मध्ये, कोरोनाच्या साथीत, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर महाराष्ट्रभर दारोदारी पोचला. या चिमट्यातून तांबडा (660 नॅनोमीटर) आणि अवरक्त (940 नॅनोमीटर) प्रकाश बोटात शिरतो. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषतं, न घेतलेलं तांबडा. शोषणातला ठोक्यागणिक कमीजास्त होणारा भाग तेवढा धमनीतल्या रक्ताचा, हे जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1970च्या दशकात हेरलं. सुई न टोचता मोजणी त्यामुळेच जमली.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंदूरजनाघाटात हिवाळ्याच्या रात्री संत्र्याला पाणी देऊन आलेल्या माणसाचं बोट गारठलेलं असतं. अशा वेळी आकडा फसवतो. हात चोळून ऊब आणा, नेलपॉलिश पुसा, मिनिटभर हात हलवू नका. सावळ्या त्वचेवर आकडा खऱ्याहून थोडा जास्त दिसू शकतो. रक्तक्षय असला तरी 98 दिसेल, कारण यंत्र ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी सांगतं, हिमोग्लोबिनचं एकूण प्रमाण नाही. सर्वांत घातक फसगत बंद खोलीतल्या शेगडीची: कार्बन मोनॉक्साइड भिनलेलं रक्तही यंत्राला निरोगी वाटतं.

साधारणपणे 95 ते 100 ठीक. 94 किंवा कमी आल्यास डॉक्टरांना विचारा. 90च्या खाली गेल्यास तडक 108ला फोन करा. धाप लागली असेल, तर आकडा चांगला असला तरी थांबू नका.